उशिरा वाजलेला बझर

"अहो, वरचं बटण लावा," बायको म्हणाली. "आणि हळू बोला. तुम्ही घाबरलात की भरभर बोलता."

"मी कशाला घाबरतोय?"

"तेच म्हणते मी. खरं तेच तर सांगायचंय."

ब्रेकमास्तरने बटण लावलं, आरशात पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. गेले पाच महिने त्याचं आरशाशी फारसं जमत नव्हतं. दाढीपुरतं बघायचं, मग आपण बरे आणि आपलं काम बरं.

ब्रेकमास्तर हे काही त्याचं नाव नव्हतं. तो गाडी चालवायला शिकवायचा. शिकवण्याच्या गाडीत शिक्षकाच्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो. शिकणारा गोंधळला की शिक्षक तो दाबतो. दाबला की डॅशबोर्डखालचा बझर कर्कश्श वाजतो आणि त्याच्यावरचा आकडा एकाने पुढे सरकतो. संध्याकाळी तो आकडा आणि विद्यार्थ्यांच्या कार्डांवरच्या नोंदी जुळाव्या लागतात. ड्रायव्हिंग शाळेच्या मालकीणबाई याबाबतीत फार कडक होत्या. बावीस वर्षांत या माणसाच्या गाडीला साधा ओरखडा आला नव्हता, म्हणून विद्यार्थ्यांनीच त्याला हे नाव दिलं होतं. पाच महिन्यांपूर्वीपर्यंत कोणी या नावाने हाक मारली की त्याची मान दोन बोटं वर व्हायची. आता तीच हाक पायात खडा रुतावा तशी रुतायची.

शहरात त्या दिवसांत एकच विषय होता. मोठ्या माणसाने आपल्या घरात गांजा ओढला तर तो गुन्हा नाही, असं दोन वर्षांपूर्वी ठरलं होतं. आता प्रश्न दुकानांचा होता. परवाना देऊन, वजन आणि ताकद छापून, वय तपासून तो उघड विकायचा की नाही, यावर महिन्याभरात मतदान होणार होतं. केस कापायला गेलं तरी तेच, लिफ्टमध्ये तेच. ज्यांनी जन्मात सिगरेट हातात धरली नव्हती ते तावातावाने दुकानांच्या बाजूने बोलत, आणि दर शनिवारी ज्यांच्या खिडक्या लवकर बंद होत ते संस्कारांवर व्याख्यानं देत. आज दुपारी नगरसभागृहात दोन्ही बाजूंची उघड चर्चा होती आणि ब्रेकमास्तर तिथे बोलणार होता.

त्याला घोड्यावर बसवलं होतं मेहुण्याने. मेहुणा वकील, दुकानांच्या बाजूच्या समितीचा प्रमुख, आणि बोलण्यात असा की समोरच्याला हरभऱ्याच्या झाडावर कधी चढवलं ते चढणाऱ्याला वर पोचल्यावर कळावं.

"भावोजी, आमच्याकडे प्राध्यापक आहेत, डॉक्टर आहेत," तो म्हणाला होता. "साधा माणूस नाही. लोकांना वाटतं गांजा म्हणजे तारवटलेले डोळे आणि फाटकी चप्पल. तुम्ही उभे राहा. नोकरीवाला, पोट सुटलेला, वेळेवर बिलं भरणारा माणूस. तुमचा तो नियमच सांगा."

तो नियम ब्रेकमास्तरने स्वतःच स्वतःला घालून दिला होता. ओढायचा तर फक्त शनिवारी संध्याकाळी, बाल्कनीत, एकच. त्यानंतर छत्तीस तास गाडीत बसायचं नाही. अकरा वर्षं त्याने तो पाळला होता. शनिवार हुकला तर हुकला, रविवारी कधी भरपाई केली नव्हती. मेहुण्याने त्याचं पत्रकच छापलं. वर ब्रेकमास्तरचा हसरा फोटो, खाली मोठ्या अक्षरांत 'छत्तीस तासांचा नियम'. घरोघरी वाटून झाली होती ती पत्रकं. एक त्यांच्याही दाराखालून आत सरकलं होतं. ब्रेकमास्तरने ते घडी घालून बुटांच्या कपाटात टाकलं, बुटांच्या खाली.

नाही म्हणता आलं असतं. पण नाही म्हणायला कारण द्यावं लागलं असतं, आणि कारण एकच होतं.

पाच महिन्यांपूर्वी एका रविवारी तो मेहुण्याकडे सामना बघायला गेला होता. मेहुण्याने घरी बिस्किटं केली होती, गांजा घातलेली. "अर्धंच घ्या," मेहुणा म्हणाला होता. ब्रेकमास्तरने अर्धं खाल्लं. रविवार होता, नियम तिथेच मोडला होता, पण अर्ध्या बिस्किटाने काय होतंय, असं त्याच्या मनाने त्याला समजावलं. तासभर काहीच झालं नाही. ओढलेलं लगेच कळतं, खाल्लेलं सावकाश चढतं, हे शेंबड्या पोराला ठाऊक असलेलं ज्ञान या अकरा वर्षांच्या जाणकाराला नव्हतं, कारण त्याने कधी खाल्लंच नव्हतं. मेहुण्याने बिघडवलेलं असणार, असं म्हणून त्याने उरलेलं अर्धंही तोंडात टाकलं. सामना संपता संपता आणखी एक घेतलं.

सोमवारी सकाळी सात वाजता पडदेवाल्या ताईंचा तास होता.

ताई पन्नाशी ओलांडलेल्या. घरांचे, दवाखान्यांचे, नाटकगृहांचे पडदे शिवून द्यायच्या. कापडाचे ताके बसमधून नेताना लोक कुरकुरतात म्हणून त्यांनी एक जुनी छोटी व्हॅन घेतली होती आणि मग चालवायला शिकायला आल्या होत्या. उलट्या क्रमाने. व्हॅन अंगणात उभी होती. तिच्यावर त्यांनी उरलेल्या पडद्यांचे तुकडे जोडून खोळ शिवली होती, तिचा फोटो त्या सगळ्यांना दाखवायच्या. शिवताना जसं टाक्यावर लक्ष तसंच रस्त्यावर. मागच्या आठ तासांत ब्रेकमास्तरला पाय हलवावा लागला नव्हता. पंधरा दिवसांवर त्यांची परीक्षा होती.

सकाळी उठला तेव्हा त्याचं डोकं कापसाने भरल्यासारखं होतं. तास रद्द करता आला असता. मालकीणबाईंना सांगायचं, ताप आहे. पण बावीस वर्षांत त्याने एकही तास रद्द केला नव्हता, आणि त्या बढाईची त्याला फार हौस होती. थंड पाण्याने तोंड धुतलं की उतरेल, असं म्हणून तो गेला.

रात्री पाऊस पडून गेला होता. वायपरच्या पात्यावर एक थेंब लोंबत होता. त्यात सगळा रस्ता उलटा दिसत होता, आणि ब्रेकमास्तर त्या थेंबाकडे बघत राहिला. इतका सुंदर थेंब त्याने कधी पाहिला नव्हता. बेकरीपाशी एक मालट्रक उभा होता. त्याच्या मागून पाव घेऊन एक म्हातारे गृहस्थ रस्त्यावर उतरले.

गाडी थांबली. तो पुढे फेकला गेला, पट्ट्याने त्याला आवळलं. म्हाताऱ्यांच्या गुडघ्यापासून गाडी वीतभर अंतरावर होती. मग, गाडी पूर्ण थांबल्यावर, त्याचा पाय खाली गेला आणि बझर वाजला.

ताईंनी दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलं होतं. म्हातारे गृहस्थ काहीतरी पुटपुटत निघून गेले. बझर वाजतच होता, कारण त्याचा पाय तिथेच गोठला होता.

"सर," ताई म्हणाल्या, "तुम्ही होतात म्हणून."

आणि ब्रेकमास्तर म्हणाला, "असू द्या. होतं असं."

एवढंच तो बोलला. त्यानंतर खरं बोलणं दर मिनिटाला अवघड होत गेलं. बझरचा आकडा एकाने पुढे गेला होता, संध्याकाळी तो कार्डाशी जुळायला हवा होता. त्याने ताईंच्या पिवळ्या कार्डावर लिहिलं, 'पादचारी. शिक्षकाने ब्रेक लावला. गंभीर.' गंभीर नोंद झाली की शाळेच्या नियमाप्रमाणे परीक्षा पुढे जायची आणि दहा तास नव्याने घ्यावे लागायचे. ताईंनी कार्ड वाचलं, मान हलवली आणि पर्समध्ये ठेवलं. त्या पुन्हा तासाला आल्या नाहीत. त्याने फोन केला नाही. करावासा वाटला नाही असं नाही, पण उचलल्यावर काय बोलायचं ते सुचलं नाही. त्या दिवसापासून त्याने गांजाला हात लावला नव्हता. लावला नाही म्हणजे जणू हिशेब चुकता झाला, असं तो स्वतःला सांगायचा आणि स्वतःलाच ते पटायचं नाही.

सभागृह खच्चून भरलं होतं. बायको तिसऱ्या रांगेत बसली. विरोधी बाजूने आधी एक परिचारिका बोलली, अपघात विभागात वीस वर्षं काढलेली, आवाज न चढवता बोलणारी.

"माझ्याकडे येणारा कोणीही सांगत नाही की मी बेजबाबदार आहे," ती म्हणाली. "प्रत्येकाचा काहीतरी नियम असतो. मी एवढीच घेतो, मी याच दिवशी घेतो, मी घेऊन गाडी चालवत नाही. मी त्यांच्या जखमा शिवते आणि त्यांचे नियम ऐकते. नियम वाईट नसतात हो. पण नियम मोडला की सांगायला कोणी येत नाही."

ही बाई आपल्याकडेच बघून बोलतेय, असं ब्रेकमास्तरला वाटलं. ती घड्याळाकडे बघत होती.

मेहुणा उठला. तो चांगला बोलला, हे त्याच्या शत्रूनेही मान्य केलं असतं. दारू दुकानात मिळते, तिच्यावर तिची ताकद छापलेली असते, ती पिऊन किती माणसं मरतात ते मोजलं जातं. गांजा मात्र अंधारात विकला जातो, आत काय आहे, किती आहे, विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. "माणूस फसतो तो अज्ञानाने," मेहुणा म्हणाला. "पुडीवर आकडा छापा. मग त्याला जबाबदार धरा."

त्यात तथ्य होतं. त्या बिस्किटावर आकडा छापलेला असता तर कदाचित आपण दुसरं खाल्लं नसतं. गेले पाच महिने ब्रेकमास्तर हेच वाक्य मनातल्या मनात चघळत होता. पण कार्डावर जे लिहिलं ते बिस्किटाने लिहिलं नव्हतं. ते त्याने सकाळी साडेसातला, चांगल्या अक्षरात, स्वतःच्या पेनाने लिहिलं होतं.

मग त्याचं नाव पुकारलं गेलं. तो उभा राहिला. पाठ केलेलं भराभर बोलला. बावीस वर्षं, एक ओरखडा नाही. शनिवार संध्याकाळ. छत्तीस तास. लोक हसले, कारण बाल्कनीतली खुर्ची मोडल्याचा किस्सा मेहुण्याने मध्ये घालून दिला होता. टाळ्या पडल्या. प्रत्येक टाळी त्याला कानशिलात बसल्यासारखी लागली, पण तो हसला, आणि आपण हसतोय याची त्याला जास्त लाज वाटली.

"कोणाला काही विचारायचंय?" अध्यक्षांनी विचारलं.

मागून एक हात वर झाला. माइक हातोहात मागे गेला. पडदेवाल्या ताई उभ्या राहिल्या.

ब्रेकमास्तरने टेबलाची कड धरली. संपलं, त्याला वाटलं, यांना कळलंय. क्षणभर त्याला सुटल्यासारखंही झालं.

"मला प्रश्न नाही विचारायचा," ताई म्हणाल्या. "मी पडदे शिवते. सरांचा फोटो पत्रकावर पाहिला म्हणून आले. मला या गांजाबिंजातलं काही कळत नाही आणि खरं सांगायचं तर आवडतही नाही. पण सरांबद्दल सांगायचंय. मी यांच्याकडे गाडी शिकत होते. एकदा एक आजोबा मध्ये आले आणि मी… मला समजलंच नाही. सरांनी ब्रेक दाबला. बझर अजून माझ्या कानात वाजतो. सर नसते तर त्या आजोबांचं काय झालं असतं, हा विचार करून मला कितीतरी दिवस झोप नव्हती. इतका सावध माणूस शनिवारी घरात बसून काही ओढत असेल, तर आपण कोण बोलणार? एवढंच सांगायचं होतं."

मेहुण्याचा चेहरा असा फुलला की बघवेना. टाळ्या सुरू झाल्या. ताई अजून उभ्याच होत्या.

"आणि सर, तुमचे आभारही मानायचे होते," त्या म्हणाल्या. "मला वेळीच कळलं, माझ्या हातात गाडी देणं बरं नव्हे. व्हॅन विकायला काढलीय. उद्या माणूस यायचाय बघायला."

मेहुणा ब्रेकमास्तरच्या कानाशी वाकला. "आभार माना आणि बसा, भावोजी. याच्यापुढे काही नकोच."

बसता आलं असतं. सगळं सभागृह त्याला बसवायला तयार होतं. त्याने तिसऱ्या रांगेत पाहिलं. बायको टाळ्या वाजवत होती आणि कौतुकाने त्याच्याकडे बघत होती. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं माणसं म्हणतात ते कधी, हे त्याला त्या वेळी कळलं.

"ताई, बसू नका," तो म्हणाला. "ब्रेक मी नाही दाबला."

टाळ्या हळूहळू विरल्या.

"ब्रेक तुम्ही दाबलात. गाडी तुम्ही थांबवलीत. माझा पाय नंतर गेला. गाडी उभी राहिल्यावर गेला, म्हणून बझर वाजला. आदल्या रात्री मी गांजाची बिस्किटं खाल्ली होती. रविवारी. छत्तीस तास नाही, दहासुद्धा झाले नव्हते. मी रस्त्याकडे बघतच नव्हतो. आणि नंतर मी तुमच्या कार्डावर खोटं लिहिलं." तो थांबला. "ते पत्रक खोटं आहे. म्हणजे नियम बरोबर आहे. मी खोटा आहे."

मग विरोधी बाजूच्या रांगांतून एक टाळी पडली, मग दहा, मग शंभर. ब्रेकमास्तरला आधीच्या टाळ्या लागल्या होत्या त्याहून या जास्त लागल्या. परिचारिका टाळ्या वाजवत नव्हती. ती खाली मान घालून हातातल्या कागदाची घडी करत होती. मेहुणा पांढराफटक पडला होता.

"मग दुकानं हवीत की नकोत?" कोणीतरी ओरडून विचारलं. "आता सांगा ना."

"मला नका विचारू," ब्रेकमास्तर म्हणाला. "कोणाच्याच बाजूने मला मोजू नका. मी माझ्यापुरतंच सांगतोय."

ताईंच्या हातात माइक तसाच होता. गलका वाढला होता, पण त्या बोलल्या तेव्हा थांबला.

"म्हणजे ब्रेक मी दाबला?"

"हो."

"तुमच्या आधी?"

"तुम्ही दाबलात तेव्हा मी वायपरवरचा थेंब बघत होतो."

कोणीतरी फिस्सकन हसलं. ताई हसल्या नाहीत. त्यांनी माइक शेजाऱ्याकडे दिला, पर्स उघडली आणि मधल्या वाटेने सरळ पुढे आल्या. पाच महिने झाले तरी पिवळं कार्ड पर्समध्ये होतं. त्यांनी ते टेबलावर ठेवलं आणि बोटाने ओळ दाखवली.

"खोडा," त्या म्हणाल्या.

त्याने खोडलं.

"आता लिहा. विद्यार्थिनीने ब्रेक लावला. वेळेवर."

त्याने लिहिलं. 'वेळेवर'मधली मात्रा भलतीकडेच गेली. ताईंनी ती नीट करायला लावली. मग सही करायला लावली.

"तारीख कुठली घालू?" त्याने विचारलं. "आजची की त्या दिवसाची?"

"दोन्ही घाला."

त्यांनी कार्ड उचलून शिलाई तपासावी तसं डोळ्यांजवळ धरून वाचलं. शाई वाळेपर्यंत थांबल्या.

"पाच महिने मी रस्ता ओलांडतानासुद्धा दुसऱ्या कोणाच्या तरी मागे चालले," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

"ताई, उरलेले तास मी…"

"नको. मी दुसऱ्या कोणाकडे शिकेन."

त्या वळल्या. मेहुण्याने खुर्चीला पाठ टेकून डोळे मिटले होते. तो त्यानंतर कितीतरी दिवस भावोजींशी बोलणार नव्हता आणि त्याचं काही चुकणारही नव्हतं. तिसऱ्या रांगेतून बायको ब्रेकमास्तरकडे बघत होती. रागाने नव्हे. हा माणूस आपण कधी पाहिलाय का, हे आठवत असल्यासारखी ती बघत होती. पाच महिने रोज सकाळी ती त्याला विचारायची, आज किती तास आहेत, आणि तो सांगायचा. घरी जाऊन मालकीणबाईंना फोन करावा लागणार नव्हता. त्या पाचव्या रांगेत बसल्या होत्या आणि त्यांनी डायरी काढली होती.

दाराशी पोचल्यावर ताईंनी फोन काढला. सभागृहात नुसती कुजबुज होती, त्यामुळे त्यांचं बोलणं टेबलापर्यंत स्वच्छ ऐकू आलं.

"हॅलो, हो, मी व्हॅनवाली. उद्या येऊ नका. नाही, भावाचा प्रश्न नाही. विकायचीच नाहीये. मीच चालवणार आहे."

शेवटचं वाक्य बोलताना त्यांचा आवाज एकदम तरुण झाला. तो आवाज ब्रेकमास्तरला ओळखीचा होता. पहिल्यांदा गचका न देता गाडी हलवली तेव्हा त्या याच आवाजात म्हणाल्या होत्या, सर, चालली की हो. पाच महिने तो आवाज त्याने आपल्या एका ओळीखाली दाबून ठेवला होता.

दार बंद झालं. तो पेन हातात धरून उभा राहिला, आणि अध्यक्षांनी दोनदा सांगितल्यावर खाली बसला.